सात नंबरच्या विहिरीचं पाणी

गौतम,

शेखचाचांनी तुझी बातमी सांगितली तेव्हा मी त्यांना विचारलं, "कोणते गौतम सर?"

जणू कॉलेजात गौतमांची रांग लागली होती. आमच्या प्रयोगशाळेतले चाचा बिचारे वर्गाच्या दारातच अवघडून उभे होते. म्हणाले, "अपने गौतम सर, सर. सोशॉलॉजीवाले. सुबू को गुजर गये." मी म्हटलं, "हो का?" आणि फळ्याकडे वळून अर्धं राहिलेलं समीकरण पूर्ण केलं. दोन्ही बाजू जुळतात का तेही तपासलं. जुळत होत्या. पुढच्या बाकावरच्या मुलींनी पेनं खाली ठेवली होती आणि माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी त्यांना म्हटलं, "लिहून घ्या." नंतर पार्किंगमध्ये स्कूटरला किल्ली लावायला गेलो तेव्हा लक्षात आलं की हातात किल्ली नाही, डस्टर आहे.

आज पाचवा दिवस. अजून ती बातमी माझ्या डोक्यात शिरायला तयार नाही. लोक येतात, "काय हो हे, अचानक," म्हणतात, आणि मी मान हलवतो. पण खरं सांगू का, मला ते कुणा दुसऱ्याबद्दल बोलतायत असंच वाटतं.

तू असा जाणारा माणूसच नव्हतास रे. स्टाफरूममधून निघायला तुला अर्धा तास लागायचा. "निघतो, निघतो" म्हणत बॅग खांद्याला लावून दारात उभा राहायचास आणि तिथे आणखी तीन विषय काढायचास. आणि गुरुवारी? वहिनी सांगत होत्या, "फिरून आले, बूट काढले, म्हणाले आज आलं जरा जास्त टाक. मी गाळून आणला तर भिंतीला टेकून डोळे मिटलेले. मला वाटलं डुलकी लागली. चहा गार होईल म्हणून रागावलेसुद्धा मी, भाऊ." त्या एवढंच पुन्हा पुन्हा सांगत होत्या. येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्यापासून, बूट काढल्यापासून. मी तीनदा ऐकलं आणि तिन्ही वेळा मला वाटलं की या खेपेला तू चहा घेशील.

बीपीच्या गोळ्या दोन वर्षं चालू होत्या म्हणे. मला एका शब्दानं बोलला नाहीस. माझी मूळव्याध तुला तोंडपाठ, माझ्या बायकोचं थायरॉइड तुला माहीत, आणि स्वतःच्या गोळ्या मात्र लपवून. याचा मला फार राग आला आहे. तुझ्या फोटोसमोर उभा होतो तेव्हा रडू येण्याच्या ऐवजी हाच राग येत होता.

पडेगावच्या स्मशानात सगळे पांढऱ्या कपड्यांत आले होते. मी निळ्या शर्टात होतो, खिशाला खडूचे डाग. त्रिशरण-पंचशील सुरू झालं. अठ्ठावीस वर्षं तुझ्या घरच्या प्रत्येक कार्यक्रमात मी ते ऐकत आलोय, बारशाला, वास्तूला, पोरीच्या लग्नाला. कधी पाठ केलं नाही. त्या दिवशी नुसते ओठ हलवले. प्रयोग न करता आकडे लिहून मोकळं होण्याला आपली पोरं "रीडिंग मॅनेज करणं" म्हणतात. मला स्पष्ट ऐकू आलं, तू मागून म्हणतोयस, "दिग्या, मॅनेज करू नको." मी वळून बघितलंसुद्धा. मागे तुझा बिडकीनचा चुलतभाऊ होता. त्याला वाटलं मला चक्कर येतेय, त्यानं माझा दंड धरला.

तिथे जो तो मला म्हणत होता, "सर, तुमची तर रोजची उठबस." मी हो हो म्हणत राहिलो. आपण नऊ दिवस एकमेकांशी बोललो नव्हतो, हे मी कुणालाच सांगितलं नाही. वहिनींनाही नाही. तू त्यांना सांगितलं होतंस का, तेही मला माहीत नाही.

*

ज्या पेपरवरून आपलं बिनसलं त्याला पोरं "मिक्स भाजी" म्हणतात, हे तुला फार आवडायचं. नवीन धोरण आलं, सगळ्या शाखांच्या पोरांनी एकत्र बसून एक जिवंत प्रश्न अभ्यासायचा असा पेपर काढा म्हणून फर्मान आलं, आणि त्या बैठकीत एकेका विभागानं कसं अंग काढून घेतलं ते आठवतं? कुणाला वर्कलोड, कुणाला पीएच.डी.चे विद्यार्थी, कुणाची कंबर. तू हात वर केलास. आणि दुसऱ्या हातानं माझा हात वर केलास. "आन् दिगंबर सर," म्हणालास. मी तेव्हा शेजारच्याशी बोलत होतो, कशाला हो म्हटलं हे मला चहाच्या वेळी कळलं.

प्रश्नही तूच काढलास. पडेगावच्या पुढच्या वस्त्यांत विहिरी, बोअर आणि हापसे मिळून चौदा ठिकाणी लोक पाणी भरतात. कुठलं पाणी कोण पितं आणि का? बस, एवढंच. अठ्ठावीस पोरं, सात गट. प्रत्येक गटात एक रसायनशास्त्राचं, एक समाजशास्त्राचं, एक कॉमर्सचं, एक मराठीचं.

पहिल्या दिवसापासून माझा धोशा एकच होता, पोरांची तयारी नाही. बारावीपर्यंत गाईड पाठ करून आलेली पोरं. आर्ट्सच्या पोराला टक्केवारी काढता येत नाही आणि सायन्सच्या पोराला अनोळखी बाईशी चार वाक्यं बोलता येत नाहीत. एकाला दुसऱ्याची भाषाच कळत नाही, तर एकत्र काय करणार, कपाळ? तू म्हणायचास, "तयारी काय घरून डब्यात घालून आणायची असती का? हितं कशाला येतेत मग पोरं?" मग मी चाळीस मार्कांची तयारी चाचणी काढली. ती बघून तू म्हणालास, "लग्नाच्या आधी संसाराची परीक्षा घेतं का कुणी?" मी म्हटलं, "घेतली असती तर बरं झालं असतं." हे तू जाऊन वहिनींना सांगितलंस, वहिनींनी माझ्या बायकोला सांगितलं, आणि मी दोन दिवस मेसचा डबा खाल्ला.

चाचणीत माझ्या रसायनशास्त्राच्या ऋषिकेशला छत्तीस मिळाले. तुझ्या पल्लवीला सहा. पल्लवी गंगापूरकडून काळीपिवळी जीपनं येणारी, वर्गात कोपरा धरून बसणारी. मी म्हटलं, सहावालीला घ्यायचं नाही. यादी लागली तेव्हा ती ऋषिकेशच्याच गटात होती. तेव्हाही आपण भांडलो. पण ते रोजचं भांडण होतं, जेवण झाल्यावर बडीशेप खावी तसलं.

खरं म्हणजे तुझं म्हणणं मला कळायला हवं होतं. मला ते एकदा कळलंही होतं. आपण नुकते नोकरीला लागलो होतो. माझ्या गावच्या, गंगापूर तालुक्यातल्या, मोठ्या विहिरीचं पाणी मी तपासलं होतं आणि ते पिण्यालायक नाही असा बोर्ड स्वतः रंगवून लावला होता. मारुतीच्या देवळापुढच्या हापशाचं पाणी उत्तम, ते प्या, असंही खाली लिहिलं होतं. वर्षभर लोक विहिरीचंच पाणी पीत राहिले. मी गावाला अडाणी ठरवून मोकळा झालो. तू एकदा सोबत आलास, खालच्या आळीतल्या बायांपाशी तासभर बसलास आणि परत आलास. मी विचारलं, "काय म्हणतात?" तू म्हणालास, "हापसा देवळापुढं हाय, दिग्या." मला तेवढ्यावर कळेना. मग तू सांगितलंस की त्या आळीतल्या बाया तिथे हंडा घेऊन जात नाहीत, कधीच गेलेल्या नाहीत, कुणी अडवलंच पाहिजे असंही नाही. मी त्या गावात जन्मलो, वाढलो, त्या हापशावर आंघोळी केल्या. मला हे माहीत नव्हतं. मग आपण जीपनं परत निघालो. गंगापूर आल्यावर एवढंच म्हणालास, "हापशाचं पाणी गोड हाय तुमच्या गावचं." मला तेव्हा तोंड लपवायला जागा नव्हती. तू विषय बदललास आणि मला भजी खायला घातलीस. त्याबद्दल मी तुझे आभार कधी मानले नाहीत. भज्यांबद्दल नाही म्हणत मी.

आणि इतकं होऊनही मी तसाच राहिलो बघ.

*

जर्नलची कल्पना तुझीच. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये डावं पान कोरं असतं आणि उजवं रेघांचं. तू म्हणालास, गटाला एकच जर्नल द्यायचं. डाव्या पानावर पाण्याच्या तपासणीचे आकडे, उजव्या पानावर तिथल्या माणसांचं बोलणं. मीटर घेऊन पोरं विहिरीवर जाणार, तिथेच मोजणार, तिथेच बोलणार, समोरासमोर लिहिणार. डाव्या पानावर मी सही करायची, उजव्या पानावर तू.

सह्या आपण कशा करतो ते तुला माहीत आहे. इतक्या वर्षांची सवय. समोर गठ्ठा, हातात लाल पेन, तोंडानं गप्पा चालू आणि पानं उलटत "तपासले", "तपासले". ऋषिकेशच्या गटाचं जर्नल मी सगळ्या वर्गाला दाखवलं होतं. किती सुबक तक्ते, बघा जरा म्हणून.

त्या मंगळवारी तू ते जर्नल घेऊन माझ्या विभागात आलास. टेबलावर उघडून ठेवलंस आणि उभा राहिलास. डाव्या पानावर ऋषिकेशच्या टाकानं लिहिल्यासारख्या अक्षरात होतं: सात नंबर, गायरानाकडची विहीर. पीएच सात पूर्णांक चार. क्षार सहाशे चाळीस. खाली माझी सही. उजव्या पानावर पल्लवीनं तिरक्या अक्षरात लिहिलं होतं की सात नंबरच्या विहिरीला दोन वर्षांपासून पाणी नाही, लोक तिथे कचरा टाकतात, आत बाभूळ उगवली आहे. खाली तुझी सही.

एकाच जर्नलमध्ये, समोरासमोर, महिनाभर.

तू म्हणालास, "ऋषिकेशनं पल्लवीचं पान वाचलंच नाय. पल्लवीनं आकडे बघितले, पण म्हणली, सायन्सवाल्यांचं बरोबरच असंल. मला वाटलं डावं पान तुझं. तुला वाटलं उजवं माझं." मग म्हणालास, "मी पण माझंच पान वाचून सही केली, दिग्या."

हे शेवटचं वाक्य मी त्या दिवशी ऐकलंच नाही. कानावर पडलं, पण ऐकलं नाही. ते मला गुरुवारी, तुला घेऊन जात असताना, रस्त्याच्या मधोमध ऐकू आलं.

त्या दिवशी माझ्या अंगाची लाही झाली होती. माझी सही, माझा विद्यार्थी, आणि विभागातले तिघं जण माना वर करून बघतायत. मी म्हटलं, "मी म्हणत नव्हतो? तयारी नाही पोरांची!"

तू विचारलंस, "कुणाची?"

तिथे गप्प बसलो असतो तर आज हे लिहायची वेळच आली नसती. पण मी म्हणालो, "तुमच्या विषयात बरं असतं, गौतम. काहीही लिहा, चूक सापडतच नाही. आमच्यात निदान पकडलं तरी जातं." तिघंही हसले. मीही हसलो असेन.

आर्ट्सला काय, कुणीही पास होतं, हे तू जन्मभर ऐकत आलास. पाहुण्यांकडून, बाहेरच्यांकडून, एका प्राचार्यांकडूनसुद्धा. माझ्याकडून कधी ऐकलं नव्हतंस. तू जर्नल मिटलंस, काखेत घेतलंस, "बरं," म्हणालास आणि गेलास. दारात थांबलासही नाहीस.

दुसऱ्याच दिवशी मी अहवाल लिहिला. विद्यार्थ्यांची पुरेशी तयारी नसल्यामुळे हा पेपर पुढच्या वर्षीपासून बंद ठेवावा. त्यावर आपल्या दोघांच्या सह्या लागणार होत्या. मी माझी केली आणि चाचांच्या हाती तुझ्याकडे पाठवला. तो तुझ्या खणात पडून राहिला. मी मुद्दाम विचारलं नाही आणि तू मुद्दाम परत पाठवला नाहीस. एकदा आपण जिन्यात समोरासमोर आलो. तू पाऊल हळू केलंस, मी बघितलं. मी खिशातून फोन काढून कानाला लावला आणि "हॅलो, हॅलो" करत खाली उतरलो. फोनवर कुणी नव्हतं, गौतम. तुला कळलंच असेल.

*

शनिवारी प्राचार्य मॅडमनी बोलावलं. माणूस म्हणून चांगल्या आहेत, त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. म्हणाल्या, "सर, त्या अहवालाचं तेवढं सोमवारी उरका. आता काय, तुमची एकट्याची सही चालेल."

आता काय. मी खुर्चीतून उठलो आणि पुन्हा बसलो. वर्षभर ज्या पेपरवरून मी तुझ्याशी भांडत होतो त्याचा निकाल मला हवा तसा, बिनविरोध मिळत होता, कारण तू मेला होतास.

चाचांनी तुझ्या खणातून अहवाल आणून दिला. माझी सही, आणि शेजारी तुझ्या नावापुढची मोकळी जागा. मी तो कागद उजेडात धरून पाहिला. मागे पाहिला. पेन्सिलची रेघ तरी असेल, एखादं प्रश्नचिन्ह, "दिग्या, गाढवा," एवढं तरी. काही नव्हतं. तू रागावला होतास का? मला माफ केलं होतंस का? की नुसता कंटाळा आला होता? अठ्ठावीस वर्षं अखंड बडबड करणाऱ्या माणसानं ऐनवेळी एक अक्षर ठेवू नये म्हणजे काय!

रविवारभर मी तो कागद घेऊन बसलो. बायको म्हणाली, "सही करायची नाही तर नका करू." मी म्हटलं, "सही केलेलीच आहे." ती म्हणाली, "मग खोडा." ती कॉमर्सची आहे. तिला वाटतं सगळं खोडता येतं.

आज सोमवार. अकराचा तास आपला, दोघांचा. मी गेलो. अठ्ठावीसची अठ्ठावीस पोरं हजर होती, हे वर्षात पहिल्यांदा. कुणीतरी दोन्ही खुर्च्या नेहमीसारख्या मांडून ठेवल्या होत्या. पोरं आपलं भांडण ऐकायला यायची, शिकायला नाही, हे आपल्यालाही माहीत होतं. मी बसलो नाही. आधी श्रद्धांजलीचे दोन शब्द बोलायचे असं ठरवून गेलो होतो. ते राहिलंच. मी जर्नल उघडलं आणि सात नंबरची दोन्ही पानं वाचून दाखवली. आधी डावं. मग उजवं. मग खालच्या सह्या.

मग म्हटलं, "या विहिरीत पाणी नाही. तरी मी त्या पाण्यावर सही केली. समोरचं पान न वाचता केली. गौतम सरांनी दाखवलं तेव्हा मला लाज वाटायला हवी होती. मी त्यांना लागेल असं बोललो. ते मला त्यांना सांगता आलं नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय. तुमची तयारी आहे की नाही हे मी वर्षभर मोजत होतो. माझी नव्हती."

 मला वाटलं, संपलं, आता ही पोरं मला कधी मान देणार नाहीत. आणि ऋषिकेश उठला. छत्तीस मार्कांचा ऋषिकेश, मान खाली.

"सर, सातचं मीच मॅनेज केलं. ऊन लई होतं आणि ती विहीर लांब होती. सहा आणि आठची सरासरी काढून टाकली." मग घसा खाकरून म्हणाला, "अकराचं पण, सर."

सरासरी! कोरड्या विहिरीत शेजारच्या दोन पाण्यांची सरासरी. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी असलं काही ऐकलं नव्हतं. ओरडायला तोंड उघडलं, तेवढ्यात कोपऱ्यातून पल्लवी उभी राहिली.

"सर, आमच्या मुलाखतीतल्या दोन बाया खऱ्या नायत."

"खऱ्या नाहीत म्हणजे?"

"म्हंजे बाया हायत. पर त्या घरी नव्हत्या त्या दिवशी. माझी जीप सुटत व्हती. मग शेजारणीला इचारलं त्या काय म्हणत्यात, आन् त्यांच्या नावानं लिवलं."

मी खुर्चीची पाठ धरली. तुझी पल्लवी! जिच्या तिरक्या अक्षरापुढे मी आठवडाभर खजील होत होतो, ती. मी विचारलं, "गौतम सरांना माहीत होतं?"

"नाय सर," ती म्हणाली. "त्यांना सांगणारच व्हते. शुक्रवारी त्यांचा तास व्हता. तवा सांगू म्हणलं." आणि ती उभ्याउभ्या रडायला लागली, ओढणीनं तोंड न झाकता, लहान पोर रडतं तशी. गौतम, मला तोवर रडू आलं नव्हतं.

मग आणखी तिघं उठले. एकानं बोअरचा मालकच बदलला होता. एकीनं तीन घरांचा पाण्यावरचा खर्च घरी बसून काढला होता. मराठीच्या पोरानं तर एका आजोबांच्या तोंडी स्वतःच रचलेली म्हण घातली होती, आणि तू ती म्हण फळ्यावर लिहून तिची तारीफ केली होतीस म्हणे! कुणीही त्यांना विचारलं नव्हतं. मार्क मिळून गेले होते. गप्प बसले असते तर कुणाच्या बापाला कळलं नसतं.

मी तिथेच जुन्या अहवालावर तिरकी रेघ मारली. मागच्या बाजूला हातानं लिहिलं आणि पोरांना वाचून दाखवलं: विद्यार्थ्यांची तयारी नाही हे मत मी मागे घेतो. विद्यार्थ्यांनी आपल्या चुका विचारल्याशिवाय सांगितल्या. दोन्ही शिक्षकांनी फक्त आपापलं पान वाचलं. पेपर चालू ठेवावा. येत्या शनिवारी चौदाही जागी पुन्हा जायचं ठरलं. या खेपेला मीटर आर्ट्सच्या पोरांच्या हातात. ऋषिकेश म्हणाला, "मग मी बायांशी बोलतो." पल्लवी नाक पुसत म्हणाली, "तुला बोलाय येतं का?" वर्ग हसला. मीही हसलो, गुरुवारनंतर पहिल्यांदा.

प्राचार्य मॅडमनी कागद वाचला, पुन्हा वाचला. "सर, पोरांनी खोटं लिहिलं म्हणताय आणि पेपर चालू ठेवा म्हणताय?"

"आपण होऊन सांगितलं, मॅडम. हे मोजायचा प्रश्न माझ्या चाळीस मार्कांच्या चाचणीत नव्हता."

"आणि दुसरे शिक्षक कोण घेणार?"

"माझ्याशी भांडेल असा कुणीतरी बघा," मी म्हटलं. त्यांनी कागद ठेवून घेतला.

त्यांच्या केबिनमधून बाहेर पडलो तेव्हा मी कधी नव्हे इतका खुशीत होतो. अरे, पहिल्यांदा मी तुझ्याशी घातलेला एक वाद जिंकलो होतो आणि त्याच वेळी हरलोही होतो. तुझ्या विषयातही चूक सापडते! माझी पोरं आकडे मॅनेज करतात आणि तुझी पोरं बाया मॅनेज करतात! जिना उतरताना मी वाक्यं जुळवत होतो. "काय गौतमराव, बाया हायत, पर घरी नव्हत्या म्हणे!" आधी तू डोळे मोठे करशील. मग त्या म्हणीचं कळल्यावर कपाळावर हात मारशील. मग पोट धरून हसशील, आणि त्या हसण्यातच मी मंगळवारचं बोलणं परत घेऊन टाकीन, फार अवघड न होता. मी दोन-दोन पायऱ्या उतरत व्हरांड्यातून समाजशास्त्राच्या दाराशी आलो आणि न ठोठावता आत शिरलो.

तुझ्या खुर्चीत एक तरुण बाई बसल्या होत्या. आजपासूनच तुझे तास घ्यायला आल्या आहेत. मला ओळखत नव्हत्या. लगबगीनं उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "या ना सर. कुणाला भेटायचंय?"

मी तुझं नाव सांगितलं.